झोप : आठ तास

ता. पाटण, जि. सातारा
१२ जानेवारी २०२५

टोळी नंबर सतराच्या माझ्या भावांनो,

रात्रभर दुसऱ्याच्या ताटातली भाजी पाठीवर वाहणाऱ्या आणि सकाळी स्वतःच्याच घरात चोरासारखं पाऊल टाकणाऱ्या माझ्या माणसांनो, आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. या शहराला आपली पाठ दिसते, आपण दिसत नाही. पाठ ताठ आहे तोवर 'या पैलवान', पाठ वाकली की 'कोण रे तू?'

जुने लोक मला ओळखतात. अठ्ठावीस वर्षं मी या टोळीत ओझं वाहिलं, त्यातली बारा वर्षं मुकादम होतो. गेटवरच्या सभेत मी बोलायला उभा राहिलो की ट्रकवाले इंजिन बंद करायचे. तंबाखूनं घसा खाल्ला आणि दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझा कंठच काढून घेतला. आता माझ्याजवळ एक पाटी, एक खडू आणि हा कागद आहे. म्हणून ज्याचा आवाज मोठा असेल त्यानं हा कागद सगळ्यांना वाचून दाखवा.

विलास मुकादमानं कळवलंय की वीस तारखेला आरोग्य तपासणीचे फॉर्म येणार आहेत आणि त्यात एक प्रश्न आहे, 'दिवसाला किती तास झोप लागते?' वा! अठ्ठावीस वर्षांत 'जेवलास का' म्हणून कुणी विचारलं नाही आणि आता झोपेची चौकशी? मी चार पुस्तकं वाचलेला माणूस आहे. जगात जिथे जिथे यंत्र आलं, तिथे त्याच्या आधी माणसाच्या अंगाची मोजणी आली. छाती मोजली, दम मोजला आणि जो कमी भरला त्याला दार दाखवलं. आपल्या बाजारात माल उतरवायचे सरकते पट्टे बसणार, ही कुजबुज तुम्हीही ऐकली असेल. कमी झोप लिहिणारा 'अनफिट' ठरणार. एकाचा हमालीचा बिल्ला गेला की टोळीला भगदाड पडतं, आणि भगदाड पडलेली टोळी मोडायला कुणाला जोर लागत नाही.

तेव्हा एकच करा. झोपेच्या रकान्यात सगळ्यांनी एकच आकडा लिहा : आठ तास. बेचाळीस माणसं, बेचाळीस फॉर्म, आकडा एक.

तुमचा,
आप्पा

घणसोली गाव
३ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना राजेश्वरीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला बोलता येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं बघून तुम्ही चिडता, म्हणून जाईच्या वहीतली पानं फाडून लिहितेय. बारावीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितेय, अक्षराला हसू नका.

तुमचा कागद टोळीच्या शेडमध्ये, चहाच्या टपरीशेजारी भिंतीला चिकटवलाय. विलास मुकादमानं तो दोनदा वाचला म्हणे. फॉर्मही त्यांनीच भरले. एका बैठकीत, एकाच निळ्या पेनानं, बेचाळीसच्या बेचाळीस. बाकीच्यांनी खाली फक्त सह्या केल्या. हे घरी आले आणि हसत म्हणाले, "राजी, आजपासून मी आठ तास झोपतो बरं का. कागदावर हाय."

आप्पा, तेवढ्यासाठीच हे पत्र आहे. हे झोपत नाहीत.

सकाळी नऊला येतात, आंघोळ करतात, भाकरी खातात आणि आडवे होतात. खिडकीला मी बाजारातली गोणपाटं दुहेरी शिवून लावलीत. पण शेजारी टॉवर उठतोय, त्याचा पाया ठोकतात तेव्हा मांडणीवरची ताटं थरथरतात. साडेबाराला पाणी येतं आणि सगळी चाळ ड्रम घेऊन बाहेर पडते. त्यातून एखादा डोळा लागलाच तर भंगारवाला भोंगा लावून येतो. खालची सगुणाआजी, आमची घरमालकीण, त्याच्यावर धावून जाते, "ए, बंद कर तुजा बाजा! वर मानूस निजलाय, दिसत नाय?" तिच्या ओरडण्यानंच हे उठून बसतात. तिला काय बोलणार? ती आपल्यासाठीच ओरडते.

पूर्वी निदान चार तास मिळायचे. आता अडीच. तेही सलग नाहीत. सुट्टीच्या दिवशी सगळं शांत असलं तरी येत नाही. छताकडे बघत पडून राहतात. मी विचारलं, "कसला विचार करताय?" तर म्हणाले, "कसलाच नाय. डोकं रिकामं हाय, तरी बंद होत नाय."

परवा जाईच्या शाळेत संघमित्रा मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "मुलगी वर्गात कुजबुजल्यासारखी उत्तरं देते. घरी कुणाचा धाक आहे का?" मी म्हटलं, "धाक नाही मॅडम, तिचे पप्पा दिवसा झोपतात." पोरगी नऊ वर्षांची आहे, आप्पा. तिला आता मोठ्यानं बोलताच येत नाही. आणि ज्यांच्यासाठी ती गप्प बसायला शिकली, ते तर जागेच असतात.

तुम्ही अठ्ठावीस वर्षं हेच काम केलंत. तुम्ही कसे झोपत होता?

तुमची सूनबाई,
राजेश्वरी

ता. पाटण
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. राजेश्वरीस आशीर्वाद.

बेचाळीस फॉर्म, एक आकडा! हे वाचून मी पाटीवर मोठ्या अक्षरात 'शाबास' लिहिलं आणि ती पाटी तुझ्या चुलतसासूला दाखवली. तिला वाटलं जाईचा नंबर आला.

मी कसा झोपत होतो, असं तू विचारलंस. अगं, पाठ टेकली की झोप. ओझं वाहणाऱ्याला गादी लागत नाही आणि अंधारही लागत नाही. झोप येत नाही म्हणून कुरकुरणं हे माडीवर राहणाऱ्यांचं दुखणं, आपल्याकडे त्याला वेळ कुठाय? धनाजीला म्हणावं, तळपायाला खोबरेल चोळ, जेवणात कांदा घे आणि डोक्यात फालतू काही आणू नको.

एक गोष्ट नीट ऐक. हे टोळीत कुणाला सांगू नका. तुला बाजार माहीत नाही. आपल्यात कमाई सगळ्यांची सारखी वाटतात, ज्यानं शंभर गोणी उचलल्या त्याला आणि ज्यानं ऐंशी उचलल्या त्यालाही. हा आपला अभिमान आहे. पण म्हणूनच प्रत्येकाची नजर प्रत्येकाच्या पाठीवर असते. 'धनाजीला झोप लागत नाही' हे एकदा बाहेर पडलं की तो पायरी चुकला तरी बोलतील आणि नाही चुकला तरी बोलतील. माझा बिल्ला मी माझ्या हातानं त्याच्या छातीवर लावलाय. तो उतरलेला मला बघायचा नाही.

जाईला म्हणावं, आजोबांना आवाज नाही, म्हणून तू दुप्पट मोठ्यानं बोल.

आप्पा

घणसोली गाव
२० मार्च २०२५

ती. आप्पा,

खोबरेल चोळलं. कांदा खातात. उपयोग नाही.

या महिन्यात दोन गोष्टी झाल्या, त्या नीट सांगते.

पाच तारखेला शेडमध्ये तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टर अस्मिता म्हणून आहेत, फॉर्म वाटणाऱ्या संस्थेच्याच. ह्यांचा दाब एकशे साठच्या वर निघाला. त्यांनी फॉर्म बघितला आणि विचारलं, "झोप आठ तास लिहिलीय, बरोबर ना? छातीत कधी जड वाटतं? दम लागतो?" मागे रांगेत अख्खी टोळी उभी होती आणि विलास मुकादम टेबलाशेजारी. हे म्हणाले, "झोप एकदम झकास, मॅडम. छाती तर लोखंडाची." सगळे हसले. मॅडमही हसल्या. त्यांनी गोळी लिहून दिली आणि महिन्यानं दाखवायला सांगितलं. गोळी दहा दिवसांची आणली होती, ती संपली. नवी आणत नाहीत. म्हणतात, "खिशात गोळ्या वाजल्या की टोळीत इचारत्यात."

आणि छाती लोखंडाची नाही, आप्पा. गोणी टाकून वळले की डाव्या बाजूला कुणी मूठ आवळल्यासारखं होतं म्हणतात. थोडं थांबलं की जातं.

दुसरी गोष्ट. मी पलीकडच्या जुन्या टॉवरमध्ये चारुलताताईंकडे पोळ्या करते, त्या एका मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं हृदयाचे आलेख काढायच्या. मी कणीक मळताना सहज बोलले, तर त्यांनी गॅस बंद केला आणि मला खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "माणूस झोपला की त्याचा दाब खाली येतो. हृदय काही थांबत नाही, पण त्याचं काम हलकं होतं. रोजची तेवढीच त्याची सुट्टी. ती वर्षानुवर्षं मिळाली नाही की दाब चढूनच राहतो, आणि त्याचा घाव शेवटी हृदयावर पडतो. ज्यांना झोप येत नाही त्या सगळ्यांना झटका येतो असं नाही गं. पण तुझ्या नवऱ्याला झोप नाही, दाब आहे, आणि वर छातीत आवळतं. त्याला उद्याच्या उद्या घेऊन जा. आणि तिथे खरं सांगा. खोटं ऐकून डॉक्टर काय शोधणार?"

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. मी भांडले, मी रडले. तर म्हणतात, "आप्पांनी सगळ्यांकडनं आठ लिवून घेतलं, आन् त्यांच्याच पुतण्यानं अडीच सांगायचं? टोळीत त्यांचं नाक कापू? आप्पा म्हणले, तर जातो."

म्हणून हात जोडून मागते. मोठं पत्र नको. एकच ओळ लिहा, 'धनाजी, जा आणि खरं सांग.'

राजेश्वरी

ता. पाटण
४ एप्रिल २०२५

चि. सौ. राजेश्वरीस,

तुझं पत्र आठ दिवस उशाशी ठेवलं. रागानं नाही, विचार करत होतो.

तुझ्या चारुलताताई भल्या असतील. पण तीस वर्षं खुर्चीत बसून आलेख काढणाऱ्या बाईला ओझ्याखालची छाती कशी कळणार? गोण पाठीवर घेतली की छाती आवळतेच. माझी आवळायची, माझ्या बापाची आवळायची. ते दुखणं नव्हे, ते काम आहे.

मी मुकादम असताना टोळीत एक माणूस होता, नाव सांगत नाही, त्याची पोरं आजही बाजारात आहेत. त्यानं एकदा भर सभेत सांगितलं की मला दिवसा झोप येत नाही, रात्री डोळ्यांपुढे अंधारी येते, मला महिनाभर हलकं काम द्या. मी त्याची बाजू घ्यायला हवी होती. पण टोळी म्हणाली, याचं ओझं आम्ही का वाहायचं? आणि मी टोळीचा मुकादम होतो. दोन महिन्यांत तो स्वतःच गावी निघून गेला. ते दृश्य मी विसरलो नाही. धनाजीचं तसं व्हायला नको.

तेव्हा ती ओळ मी लिहीत नाही. पावसाळ्यात बाजार थोडा हलका असतो. जुलैत त्याला गावी घेऊन ये. इथे वाऱ्याला निजेल, इथलाच डॉक्टर बघेल, टोळीला पत्ता लागणार नाही. तीन महिने काढा. त्यानं याहून मोठी ओझी काढलीत.

आप्पा

घणसोली गाव
२ जून २०२५

आप्पा,

दहाव्याला तुम्ही आला होतात. भिंतीला टेकून बसला होतात, पाटी मांडीवर होती, खडू बोटांत होता. मी चारदा तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काही लिहिलं नाहीत.

लोकांना एवढंच माहीत आहे की धनाजी झोपेत गेला. सगळे म्हणतात, पुण्यवान. झोपेत मरण कुणाला मिळतं? मी मान हलवत होते. त्या दिवशी काय झालं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण ते तुमच्याच घरात राहायला हवं.

सहा मे. हे साडेनऊला आले. जेवण नको म्हणाले, घाम फार होता, पण मे महिन्यात पत्र्याखाली कुणाला घाम नसतो? आडवे झाले. मी भांडी घासायला बाहेर नेली, आवाज नको म्हणून. अकराला डोकावले तर एका कुशीवर, हात गालाखाली. झोपले होते, आप्पा! त्या दिवशी टॉवरचं ठोकणंही बंद होतं. मला एवढा आनंद झाला की मी उंबऱ्यातच बसले. राखण करत.

पाणी आलं तेव्हा मी जिन्यात उभी राहून एकेकीच्या पाया पडले, "ड्रम ओढू नका, आज लागलीय त्यांना." बायकांनी कळश्यांनी पाणी भरलं. भंगारवाल्याला मी कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. सगुणाआजीनं तिच्या नातवाच्या हळदीचा बेंजोवाल्यांचा ताफा गल्लीच्या तोंडाशी थांबवला. म्हणाली, "गो, निजू दे त्याला. हलद काय, मागाहून पन लागंल." जाई खेळून आली, चपला हातात घेऊन. मी तिला खुणेनं सांगितलं, पप्पा झोपले. ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, आज किती तास झाले?"

मी बोटं मोजली. पाच. पाच तास, सलग! लग्नानंतर कधी नाही. मला वाटलं, आठही होतील. तुमच्या कागदावरचे आठ.

साडेपाचला उठवायला गेले. अंग कधीच गार झालं होतं.

दवाखान्यात म्हणाले, दुपारच्या आधीच गेले असणार. म्हणजे मी कशाची राखण करत होते? आणि मी अकराला नुसतं डोकावले, त्याऐवजी हात लावला असता तर? हा प्रश्न मला रोज पडतो आणि तो पडला की मला झोप येत नाही. आता मीही त्याच छताकडे बघत पडते.

अजून एक. मागच्या आठवड्यात डॉक्टर अस्मिता घरी आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "त्यांनी अडीच तास सांगितले असते, छाती आवळते म्हणाले असते, तर मी त्याच टेबलावर त्यांचा ईसीजी काढला असता. वाचले असते असं खात्रीनं नाही सांगत मी. पण बघितलं तर असतं." मग मी विचारलं, "तो फॉर्म कशासाठी होता?" मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची संस्था बाजारात एक हॉल बांधायला निघाली होती. काळोखा, गार, पलंगांचा. रात्रपाळीच्या माणसांनी दिवसा येऊन निजायचं. आणि एक आठवडा रात्र, एक आठवडा दिवस, अशी पाळी बदलून मागायची. निम्म्या लोकांना झोप कमी आहे असं फॉर्मवर दिसलं की अर्ज पुढे जाणार होता. आमच्या टोळीचे बेचाळीसही फॉर्म आठ तासांचे. बाकीच्या टोळ्यांनी आमचं बघून तेच लिहिलं. वरून शेरा आला : 'कामगारांची झोप पुरेशी. आवश्यकता नाही.'

कुणाचा बिल्ला कुणी काढणार नव्हतं, आप्पा. ते पलंग मोजत होते.

राजेश्वरी

ता. पाटण
१४ जून २०२५

राजेश्वरी,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तू फेब्रुवारीत विचारलं होतंस, तुम्ही कसे झोपत होता. मी खोटं लिहिलं. मी झोपत नव्हतो. अठ्ठावीस वर्षं तीन तास, कधी साडेतीन. तंबाखूची सवय मला तिथेच लागली, रात्री डोळे मिटू नयेत म्हणून. म्हणजे माझा कंठही त्या न आलेल्या झोपेनंच नेला. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या चुलतसासूलाही नाही. पैलवान माणूस, गेटवर गर्जना करणारा, आणि म्हणणार काय, तर मला झोप येत नाही? लाज वाटायची. ती लाज मी तत्त्व म्हणून पांघरली आणि बेचाळीस जणांना पांघरायला दिली.

त्या माणसाचीही गोष्ट मी अर्धीच लिहिली होती. तो गावी गेला आणि वर्षाच्या आत गेला. हृदयानंच. मला ठाऊक होतं. तुला ती ओळ न लिहिताना मला ते ठाऊक होतं.

दहाव्याला मी पाटीवर लिहायला गेलो. पहिलं अक्षर 'मी' काढलं आणि पुसलं.

मुकादम असताना टोळीला आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून मी तीन दिवस उपाशी बसलो होतो. पण छातीतल्या त्या एका कामगाराला रोजची सुट्टी लागते, हे मला तुझ्या पत्रातून कळलं, आणि कळल्यावरही मी ती नाकारली. आता शब्दांनी काय होणार? तो भिंतीवरचा कागद जाळून टाक. माझ्याकडून यापुढे कुणाला काही सांगितलं जाणार नाही. तो हक्क माझा राहिला नाही.

आप्पा

घणसोली गाव
२२ जून २०२५

आप्पा,

कागद मी जाळणार नाही. तुम्ही लिहिलेला आहे, तुम्ही उतरवा.

गप्प बसण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? माझी पोरगी गप्प बसली, मी गप्प बसले, हे गप्प राहूनच गेले. आता तुम्हीही गप्प बसणार, आणि त्याला शिक्षा म्हणणार? ही शिक्षा नाही, आप्पा. ही सोय आहे.

इथलं ऐका. विलास मुकादम आले होते. चांगले वागले, रडलेही. म्हणाले, "वैनी, बिल्ला घराबाहेर जाऊ द्यायचा नाय. जाई लहान हाय, तुमच्या भावाचं नाव लावू." कुलदीप गावाहून आलाय. तेवीस वर्षांचा. मी नको म्हणाले, तर आई फोनवर म्हणाली, "मग खानार काय तुमी मायलेकी?" मी हो म्हटलं. येत्या एक तारखेपासून तो टोळीत जाणार आहे.

सध्या तो ह्यांच्याच जागी झोपतो. अजून गाढ झोपतो, टॉवर ठोकत असला तरी. मी बघत बसते. मधेच त्याच्या नाकाशी बोट धरते. परवा तो जागा झाला, "काय करतीस ताई, मारतीस का काय मला?" म्हणून हसला. मी पण हसले.

चार जुलैला फॉर्म पुन्हा येणार आहेत. डॉक्टर अस्मितांनी एकदाच, शेवटचं, परत वाटायची परवानगी मिळवलीय. मुकादमांनी निळं पेन खिशात लावून ठेवलंय. मी म्हटलं, "या वेळी तरी खरं लिहा." तर भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "आप्पांचा शब्द हाय, वैनी. ते बदलत नाय तवर आमी कसं बदलायचं?"

बघा, अजून तुमचाच आवाज चालतो तिथे. दुसरा कागद लिहा.

राजेश्वरी

ता. पाटण
२८ जून २०२५

टोळी नंबर सतराच्या माझ्या भावांनो,

दिवसा डोळे मिटून जागे राहणाऱ्या माझ्या माणसांनो, हाही कागद मोठ्यानं वाचा. पहिला ज्यानं वाचला त्यानंच वाचा. विलास, तू वाच.

जानेवारीत मी तुम्हाला सांगितलं की आपलं गाऱ्हाणं म्हणजे शहराला आपण दिसत नाही. खोटं होतं ते. शहरातली काही माणसं आपल्याला बघायला फॉर्म घेऊन आली होती आणि मी तुमच्या हातांनी त्यांच्या डोळ्यांवर गोणपाट टाकलं. ते पलंग मोजायला आले होते, मी सांगितलं बिल्ले मोजायला आलेत. त्या हॉलमध्ये धनाजी निजला असता. तो तुमच्या रांगेत उभा राहून 'छाती लोखंडाची' म्हणाला आणि तुम्ही हसलात. तुमचा दोष नाही. ते वाक्य मी त्याच्या तोंडात घातलं होतं.

आपण कमाई सारखी वाटून घेतो आणि त्याचा अभिमान मिरवतो. मग एकाची झोप गेली तर ती बेचाळीस जणांत का वाटता येत नाही? आपल्यातला एक जण दमला तर आपण त्याची गोण उचलत नाही, त्याच्याकडे बघतो. ही भीती मी मुकादम असताना वाढवली, आणि तिच्यात दोन माणसं गेली. एकाचं नाव मी सांगत नाही. दुसऱ्याच्या जागेवर उद्यापरवा कुलदीप नावाचा पोरगा गोणीचा हुक घेऊन उभा राहील. त्याला अजून झोप येते. किती वर्षं येईल, ते तुम्ही मोजून सांगा.

मी तुम्हाला हॉलचं वचन देत नाही. अर्ज पुन्हा फेटाळतील, असंच मला वाटतं. एकदा 'झोप पुरेशी' असा शेरा बसला की तो पुसायला कुणी बसत नाही. पट्टेही येतील, आज ना उद्या. तुमच्यातले बरेच जण हा कागद ऐकून 'म्हातारा पुतण्याच्या दुःखानं खचला' म्हणतील आणि सही करून चहाला जातील. हेही मला ठाऊक आहे. गेटवर उभा राहून मी तुम्हाला जिंकायची स्वप्नं दाखवायचो, आज दाखवायला माझ्याकडे एकही नाही.

फक्त एवढं आहे की एखादा डॉक्टर आपला फॉर्म हातात घेईल तेव्हा त्यावर आपण असायला हवं. धनाजीच्या फॉर्मवर धनाजी नव्हता. त्याच्यावर मी होतो.

विलास, वाचून झालं की भिंतीवरचा जुना कागद माझ्या नावानं उतरव आणि ते निळं पेन टेबलावर ठेव. आणि तुम्ही बेचाळीस जण, चार जुलैला एकेकानं पुढे या, पेन उचला आणि झोपेच्या रकान्यात आपल्या हातानं आपला खरा आकडा लिहा. धनाजीचा अडीच होता. माझा तीन. तुमचा तुम्ही लिहा.

आप्पा